सोनकुंडीचे तंदुरुस्त मासे

सोनकुंडी नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात रजा न टाकता कामावर हजर असणारे चाळीस जण होते, आणि ते चाळीसही मासे होते.

जलशुद्धीकरण केंद्राच्या दारातून आत गेलं की डाव्या हाताला त्यांची काचेची टाकी. भैरवसागर धरणाचं पाणी गाळून झालं की, क्लोरिन घालायच्या आधी, त्यातली एक धार या टाकीतून फिरवलेली असे. म्हणजे गाव जे पिणार ते मासे आधी पीत. मासे साधे गप्पी. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खातं जे फुकट वाटतं आणि लोक गटारीत सोडून विसरतात, तेच. इथे मात्र त्यांना हुद्दा होता: जलप्रहरी.

त्यांच्यावर ही वेळ का आली ते सांगायला हवं. भैरवसागर काही एका दिवसात हिरवा झाला नाही. वरच्या अंगाच्या शहराने आपलं सांडपाणी, साबणाचा फेस आणि नदी वाचवण्याचे संकल्प वर्षानुवर्षं नदीत सोडले. धरणाकाठच्या ऊसवाल्यांनी खताची पोती शेतात रिकामी केली आणि शेतांनी ती पावसात धरणाच्या हवाली केली. नायट्रोजन आणि फॉस्फरसची अशी पंगत वाढून ठेवल्यावर, त्यात उन्हाळे लांबत गेल्यावर, जेवायला नील-हरित जिवाणू आले. लोक त्यांना शेवाळ म्हणतात. ते शेवाळ नव्हे. पृथ्वीच्या हवेत पहिल्यांदा प्राणवायू ज्यांनी भरला ते हे जिवाणू. आपल्या सगळ्यांपेक्षा जुने आणि घरंदाज. त्यांच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे ते ऊन खायला वर येतात आणि दुधावर साय धरावी तसे पाण्यावर धरतात. पहिल्या वर्षी सोनकुंडीला बरंच वाटलं. त्या दुष्काळी भागात एवढं हिरवं कुणी पाहिलंच नव्हतं. लोक पोरंबाळं घेऊन फोटो काढायला गेले.

मग रात्री त्या सायीखालचा प्राणवायू संपू लागला आणि सकाळी काठाला चिलापी, कटला, रोहू पांढरी पोटं वर करून लागू लागले. भोयांनी जाळी वाळत घातली ती पुन्हा उतरवलीच नाहीत. पाणकावळे आले, बसले, आणि त्यातले काही बसलेलेच राहिले. कारण या जिवाणूंपैकी काही जण पेशीच्या आत विष बाळगतात. त्याचं नाव मायक्रोसिस्टिन. ते यकृतावर जातं. विरघळल्यावर पाण्यात दिसत नाही, आणि उकळून मरत नाही. उलट उकळलं की पेशी फुटतात आणि आतलं विष बाहेर मोकळं होतं. 'पाणी उकळून प्या' हे एवढं एकच आरोग्यशिक्षण ज्या राज्याने मनापासून घेतलं होतं, त्याच्यावर हा जरा अन्यायच होता.

विष आहे की नाही हे तपासायला नमुना जिल्ह्याला पाठवावा लागे. अहवाल आठवड्याने येई. तोवर लोक तो अहवाल पिऊन मोकळे झालेले असत. म्हणून मासे आले. टाकीवर कॅमेरा, कॅमेऱ्यामागे संगणक. मासे नेहमीसारखे पोहत असले की ठीक. निम्म्याहून जास्त मासे भेलकांडले, तळाला बसले आणि दहा-बारा मिनिटं तसेच राहिले, की भोंगा वाजे आणि गावाला पाणी सोडणारे व्हॉल्व्ह आपोआप बंद होत. यंत्रात काहीही चूक नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे लोक यंत्रालाच नावं ठेवू लागले.

या माशांचे मानद पालक होते दिगंबर खोचरे सर. गावच्या कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एकही प्राणिशास्त्रात गेला नाही, पण चारपाच जण नगरसेवक झाले आणि त्यांनीच सरांना हे मानाचं काम दिलं.

पहिल्या उन्हाळ्यात भोंगा सारखा वाजला. प्रत्येक वेळी मासे मेले, व्हॉल्व्ह बंद झाले, गाव टँकरमागे धावलं आणि वाचलं. वाचलं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण वाचल्याची जाहिरात होत नाही. धावलं ते लक्षात राहिलं.

सरांच्या घरी मात्र वेगळीच पंचाईत. त्यांची बायको शालन हिच्या किडन्या गेलेल्या. गावातल्या ट्रस्टच्या केंद्रात मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. एका माणसाचं रक्त एकदा धुवायला पिंपभर पाणी लागतं, आणि नळ बंद म्हणजे केंद्र बंद. त्या उन्हाळ्यात एकदा केंद्र चार दिवस उघडलं नाही. शालनच्या पायांवर बोट दाबलं की खड्डा तसाच राही. आडवं झालं की श्वास लागे, म्हणून ती रात्रभर शिवणयंत्रावर डोकं टेकून बसून राहिली. तीस वर्षं तिने त्याच यंत्रावर गावाची पोलकी शिवली होती.

"यंत्राला म्हटलं, आता तू मला शिव," ती सकाळी म्हणाली.

*

भोंगा वाजून मासे मेले की नवे आणायचे, असं सूचनापत्रात होतं. गप्पी फुकट मिळत. पण फुकट वस्तू खरेदी करण्याची तरतूद नगरपरिषदेत नव्हती. मग सरांनी एक साधा, काटकसरी, आपल्याकडे कुणालाही सुचेल असा उपाय काढला. प्रत्येक वेळी दोनचार मासे वाचत. ते त्यांनी जलशुद्धीकरण केंद्रामागच्या सिमेंटच्या हौदात टाकले. गप्पी अंडी घालत बसत नाही, थेट पिल्लं देतो. तीनेक महिन्यांत पिल्लं स्वतः पालक होतात. हौद भरला. तेच मासे काचेच्या टाकीत कामावर रुजू झाले. पुन्हा भोंगा, पुन्हा वाचले ते हौदात.

"हे अनुभवी आहेत," सर कौतुकाने म्हणत.

पंप चालवणारे रामलिंग कोष्टी माशांना कणकेच्या गोळ्या घालत. "जातिवंत निघाले बघा सर," ते म्हणायचे. "तुमच्या हाताला गुण हाय."

दुसऱ्या उन्हाळ्यात भोंगा कमी वाजला. तिसऱ्या उन्हाळ्यात वाजलाच नाही. नळाला रोज पाणी आलं. टँकरवाल्यांनी गाड्या विकल्या. शालनचं एकही डायलिसिस चुकलं नाही. तिच्या पायांवरची सूज उतरली आणि तिने पुन्हा दोन पोलकी शिवली. नगरपरिषदेने सरांचा शाल, श्रीफळ देऊन सत्कार केला. जलशुद्धीकरण केंद्राच्या फाटकावर निळ्या अक्षरांत मोठा फलक लागला: 'निर्धास्त प्या. मासे जागे आहेत.' शेजारच्या तीन नगरपरिषदांनी सोनकुंडीहून बियाणं म्हणून मासे नेले.

मासे जिवंत आहेत म्हटल्यावर बाकीच्यांनाही जरा टेकायला हरकत नव्हती. जिल्ह्याला नमुने पाठवणं थांबलं. डायलिसिस केंद्राच्या स्वतःच्या शुद्धीकरण यंत्रातला गाळणीचा कोळसा आणि पडदे बदलायची मुदत उलटून गेली. नियमाने बदलायला हवे होते. पण मासे जिवंत होते.

*

चौथ्या उन्हाळ्यात सरांना टाकी जरा उदास वाटू लागली. नरांच्या शेपट्यांचे नारिंगी, निळे रंग फिके पडले होते. नवं रक्त हवं, म्हणून एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेतातल्या विहिरीतून त्यांनी दहाबारा गप्पी आणले. झळझळीत. सकाळी टाकीत सोडले आणि स्टुलावर बसून पाहत राहिले.

अर्ध्या तासात नवे मासे गोल फिरायला लागले. मग तिरके झाले. मग एकेक करून तळाला गेले. जुने चाळीस जण थोडा वेळ थांबले आणि मग शांतपणे नव्यांना खायला लागले. पन्नासेक माशांत दहाबारा म्हणजे निम्म्याहून पुष्कळ कमी. भोंगा गप्प राहिला. संगणकाच्या पडद्यावर हिरवं टिकमार्क होतं.

सर स्टुलावरून उठले नाहीत. तीस वर्षं हा प्रश्न त्यांनी सहा मार्कांना घातला होता: 'डीडीटीला डास दाद का देईनासे झाले? सकारण स्पष्ट करा.' उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. विष सगळ्यांना मारत नाही. एखाद्याचं यकृत जन्मतःच थोडं वेगळं असतं आणि ते विष पचवतं. तो जगतो. त्याचीच पिल्लं होतात. पुन्हा विष, पुन्हा निवड. दहाबारा पिढ्यांत उरतात ते फक्त न मरणारे. यासाठी लागतं ते एवढंच, की दर वेळी वाचलेल्यांनाच कुणीतरी प्रेमाने वाढवावं.

जे ओरडत होते ते मेले होते, आणि गप्प राहणाऱ्यांची सरांनी जोपासना केली होती. ही पद्धत नगरपरिषदेला नवी नव्हती. माशांना नवी होती.

*

मुख्याधिकारी तन्वी मोहोड या स्पर्धा परीक्षा पास होऊन विदर्भातून आलेल्या, तरुण आणि कामसू. त्यांनी सरांना पाणी विचारलं. सर नको म्हणाले.

"मासे आजारी आहेत का सर?"

"नाही. एकदम तंदुरुस्त आहेत."

"मग?"

"तोच प्रॉब्लेम आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे मासे निरोगी असल्याची तुमची तक्रार आहे."

सरांनी समजावून सांगितलं. तीस वर्षांची सवय. फळा नव्हता म्हणून टेबलावर बोटाने काढून दाखवलं. विष पेशीच्या आत असतं. पेशी अख्खी असेल तर आपली वाळू तिला गाळून अडवते. पेशी फुटली की विष पाण्यात विरघळतं, मग वाळूच्या हातात काही नसतं. मासे आता ते सांगत नाहीत. आपल्या मुक्या प्राण्यांना आपण खरोखर मुकं केलं आहे.

मॅडम हुशार होत्या. त्यांना बहुतेक सगळं समजलं. "सर, मी नमुना आजच पाठवते. पण अहवाल येईपर्यंत पाणी बंद करायला मला भोंगा लागतो. भोंगा वाजला नाही, मासे जिवंत आहेत, आणि मी बंद केलं, तर उद्या माझ्या दारात घागरी फुटतील. आणि डायलिसिस केंद्रात सोळा पेशंट आहेत. त्यातल्या एकीचं नाव तुम्हाला मी सांगायला नको."

सर उठायला लागले.

"त्या शेवाळाचं मात्र मी बघते," मॅडम म्हणाल्या आणि तसं लिहूनही घेतलं.

*

"तुमच्याकडं पोरं कधी एवढी शिकली नाहीत," सगळं ऐकून शालन म्हणाली. "मासे बरे शिकले."

"शालन, मी गंमत करत नाहीये."

"मी पण नाही. मला एवढंच सांगा. नळ बंद झाला तर मी जाते. चालू राहिला तर सगळे जातात, त्यात मी आधी. असंच ना?"

रक्तात थेट जाणाऱ्या पाण्याला पोटाचा अडसर नसतो, हे सरांनी तिला सांगितलं नव्हतं. पण मोजमापं घेण्यात तिचं आयुष्य गेलं होतं.

"गुरुवारपर्यंत मी सगळे मासे बदलतो," सर म्हणाले. "विहिरीतले नवे. बुधवारी संध्याकाळी सोडतो. विष रोज सारखं येत नाही, पण गुरुवारी सकाळी पाण्यात असेल तर ते मरतील, भोंगा वाजेल, गावाचं पाणी बंद होईल. आपण जीप करून जिल्ह्याला जाऊ. तिथल्या इस्पितळात माझा विद्यार्थी आहे, तो बारापर्यंत एक मशीन धरून ठेवतो म्हणालाय. भोंगा नाही वाजला तर पाणी चांगलं. मग इथेच."

"आणि गावाचं?"

"भोंगा वाजला की गावाचंही मिटलं. मॅडमनाही कारण मिळतं."

शालनने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, मग सुई त्यांच्याकडे दिली. सरांनी ओवून दिली. "म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही एखादा वर्ग नापास व्हावा म्हणून बसणार," ती म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी विहिरीतले चाळीस गप्पी टाकीत सोडले आणि जुने मागच्या हौदात टाकले. रामलिंगना बसवून त्यांनी अर्धा तास नैसर्गिक निवड समजावून सांगितली. रामलिंगनी मान डोलावली, अगदी त्या चारपाच नगरसेवकांसारखी.

"नवे नाजूक आहेत, रामलिंग. लक्ष ठेवा. काही झालं तरी हात लावू नका."

"तुम्ही काळजी करू नका सर. वहिनींची पाळी हाय ना उद्या? तुम्ही तिकडं बघा. इकडं मी हाय."

भोंगा वाजू नये म्हणून सगळं गाव देव पाण्यात ठेवत असताना एखाद्याला तो वाजायला हवा असेल, ही गोष्ट सरांनी सांगितली नाही. त्यांना ती सांगण्यासारखी वाटली नाही, इतकी ती उघड होती.

*

गुरुवारी सकाळी डायलिसिस केंद्राच्या फाटकाबाहेर जीप उभी होती. सर सहाला जलशुद्धीकरण केंद्रावर जाऊन आले; नवे मासे मजेत फिरत होते. नऊ वाजता शालन डायलिसिस केंद्रात खाटेवर पडली. सर खिडकीशी उभे राहिले. इथून भोंगा स्पष्ट ऐकू येई. सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले.

"सर, सुरू करू ना?" सिस्टरने विचारलं. "बाकीच्या सगळ्यांचं लागलं."

"थोडं थांबू."

"पाणी तर आज बघा. आरशासारखं." तिने काचेचा ग्लास उजेडात धरला. गेल्या कित्येक महिन्यांत नळाला असं पाणी आलं नव्हतं. पिवळट झाक नाही, तो मातकट वास नाही.

सर ग्लासाकडे पाहत राहिले. भोंगा गप्प होता. चाळीस कोवळे, अननुभवी मासे त्या पाण्यात होते आणि भोंगा गप्प होता. पुराव्यावर विश्वास ठेवायचा नाही तर मग शिकवलं काय तीस वर्षं?

"अहो, ठरवा काय ते," शालन म्हणाली. "हात अवघडला."

"सुरू करा," सर म्हणाले.

त्यांनी बाहेर जाऊन जीप परत पाठवली आणि जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला फोन केला, मशीन सोडून दे. फोन ठेवल्यावर त्यांना खूप दिवसांनी भूक लागली. समोरच्या टपरीवर त्यांनी भजी खाल्ली आणि चहा घेतला. चहाही छान झाला होता.

दुपारी रिक्षाने घरी निघाले. शालनचं डोकं दुखत होतं, पण ते नेहमीचंच. वाटेत जलशुद्धीकरण केंद्राशी सरांनी रिक्षा थांबवली. "मासे बघून येतो. दोन मिनिटं."

रामलिंग दारातच उभे होते, लग्नघरी पाहुण्याला घ्यायला उभं राहावं तसे.

टाकीतले मासे सरांना पाहून काचेजवळ आले. माणूस आला की गोळ्या मिळतात हे त्यांना माहीत होतं. नव्यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. सरांनी वाकून पाहिलं. फिक्या शेपट्या.

"नवे कुठेत?"

"टिकले नाहीत सर." रामलिंगचा चेहरा खरोखर पडला. "तुम्ही म्हणालाच होता नाजूक हायत. आठच्या सुमाराला गरागरा फिरायला लागले, पटापटा बसले खाली. मी म्हटलं, आता भोंगा वाजतंय. आज वहिनींची पाळी. भोंगा वाजला की नळ बंद, सेंटर बंद, मागल्यासारखी बाई रात्रभर बसून. म्हटलं, नाही. जाळी घातली, मेलेले काढले, हौदातले आपले जुने सोडले. पाच मिनिटांत सगळं ओके. हात लावू नका म्हणाला होता, ठाऊक हाय मला. पण म्हटलं, माणूस मोठं का मासा?"

सरांना स्टूल सापडेना. ते तिथेच होतं.

"पाणी एवढं स्वच्छ कसं आज?"

"ते मॅडमचं काम. काल संध्याकाळी नावेतनं मोरचूद टाकला सगळ्या धरणात. सरांची शेवाळाची तक्रार हाय म्हणाल्या. रातीत सगळं शेवाळ फुटून गेलं बघा. तळ दिसतोय."

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, पेशी फोडतो. सहा मार्कांचा नाही, दोन मार्कांचा प्रश्न.

"रामलिंग, व्हॉल्व्ह बंद करा."

"भोंग्याशिवाय कसं करू सर? किल्ली मॅडमकडं, मॅडम मीटिंगला. आणि आता बंद करून तरी काय?" रामलिंगनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सकाळची टाकी तर कवाच गेली गावात. सगळ्यांनी भरून ठेवलं आसंल. असलं पाणी रोज कुठं येतंय?"

सर तरीही मॅडमना फोन लावत राहिले. फोन बंद होता. मग त्यांनी डायलिसिस केंद्रात लावला. सिस्टर म्हणाली, दुसरी पाळीही लागली, सगळे मजेत आहेत, फक्त दोघांना उलटी झाली. उन्हाचं असेल.

सर बाहेर आले. शालन रिक्षात डोकं मागे टेकून, डोळ्यांवर पदर घेऊन बसली होती.

"नवे मेले ना?" तिने विचारलं.

"कशावरून?"

"तुमच्या चालण्यावरून." तिने पदर बाजूला केला आणि फाटकाच्या दिशेने पाहिलं. डोळे बारीक केले, पुसले, पुन्हा पाहिलं. "अहो, सगळं धुरकट दिसतंय मला. त्या फलकावर काय लिहिलंय?"

फलक रिक्षापासून हातभर अंतरावर होता. रिक्षावाल्याने गाडी सुरू केली होती आणि उत्तर ऐकायला तोही मागे वळला.

"निर्धास्त प्या," सरांनी वाचलं. "मासे जागे आहेत."